पंख्यावरचे कैलासवासी आणि भिंतीवरच्या वाकळा

आमच्या भोजनगृहात एकदा भर दुपारी, कुणी नसताना, मी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. घड्याळाचा सेकंदकाटा तीन घरं पुढे गेला तरी ती टाळी कुठल्यातरी कोपऱ्यात वाजतच होती. आतून स्वयंपाकाच्या मावशींनी डोकं बाहेर काढलं. "काका, आरती सुरू केली का काय?"

मी साताऱ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतो. वय शहात्तर. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो. इथे सगळे मला इंजिनिअर काका म्हणतात आणि मी दर वेळी सांगतो, की इंजिनिअर सही करायचा, रेघ मी मारायचो. मुलाने आणून टाकलं वगैरे भानगड नाही. बायको गेल्यावर दोन वर्षं एकट्यापुरत्या पोळ्या लाटून बघितल्या. पोळी जमायची, खायला बसणं जमायचं नाही. ओट्यापाशी उभ्या उभ्या आटपायचं आणि ताट विसळून टाकायचं. तेव्हा खरं सांगायचं तर मी इथे चार माणसांत बसून जेवायला आलो. येऊन बघतो तर चव्वेचाळीस माणसं एका छपराखाली एकेकटी जेवत होती.

खोली अडतीस फूट बाय बावीस, उंची अकरा. भिंतींना सात फुटांपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, कारण पुसायला सोप्या. खाली तशीच गुळगुळीत फरशी. टेबलं पत्र्याची, स्टीलची, कुठल्यातरी कारखान्याचं कॅन्टीन बंद झालं तेव्हा देणगीत आलेली. त्यांना लोखंडी दांड्याने गोल स्टुलं कायमची जोडलेली. वर सहा ट्यूबलाइट. एका भिंतीला खिडकी, तिच्यापुढे ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. आणि सगळ्या भोजनगृहाचा कळस म्हणजे पंखे. आठही पंख्यांच्या पात्यांवर तांबड्या रंगात लिहिलेलं: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. भिंतीवर संगमरवरी पाट्या होत्याच. एसटीतून निवृत्त झालेले एक काका म्हणायचे, "बटण दाबलं की सगळे कैलासवासी फिरायला लागतात. आपण खाली बसून नंबर कधी लागतो ते बघायचं."

मी आठ दिवस मोजलं. ताट खिडकीतून घेतल्यापासून मोरीत ठेवेपर्यंत सरासरी अकरा मिनिटं. सतरा जणांचे डबे तर खोलीतच जायचे. त्यातले तिघं अंथरुणाला खिळलेले, बाकीचे चौदा हिंडते-फिरते.

हे सगळं मोजायची वेळ आली, कारण आश्रमाला पंचाहत्तर हजारांची देणगी मिळाली होती आणि विश्वस्तांनी 'भोजनगृह सुशोभीकरण' असा ठराव केला होता. सुशोभीकरण म्हणजे काय, तर वर पीओपीचं छत, समोरच्या भिंतीवर धबधब्याचा वॉलपेपर आणि 'अन्न हे पूर्णब्रह्म' सोनेरी अक्षरांत. मी व्यवस्थापकांना म्हटलं, साहेब, धबधब्याचा आवाज इथे आधीच आहे, चित्र कशाला? पंधरा दिवस द्या. ते बिचारे भले गृहस्थ. म्हणाले, "फुकट नकाशा मिळतोय तर काढा."

पहिलं काम मी कागदाला हात न लावता केलं. त्या चौदा जणांच्या खोल्यांत जाऊन विचारलं, की खाली का येत नाही? मला वाटलं होतं, जेवणाला नावं ठेवतील. जेवणाचा विषय कुणीच काढला नाही. एका आजींच्या कानात यंत्र आहे. त्या म्हणाल्या, "यंत्र लावलं तर ताटं-वाट्या डोक्यात पडल्यासारख्या वाजतात, काढलं तर शेजारची काय म्हणते ते कळत नाही. मग वर बसलेली काय वाईट?" दोघांना ताट धरून रांगेत उभं राहवत नव्हतं. चौघांचे गुडघे त्या जोडलेल्या स्टुलावरून पलीकडे पाय टाकू देत नव्हते. चाकाची खुर्ची तर टेबलाला लागतच नव्हती. आणि शाळेच्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्या काही बोलल्याच नाहीत. "सवय झाली" एवढंच म्हणाल्या. त्यांचं कारण मला पुढे तीन महिन्यांनी कळलं.

आवाजापासून सुरुवात केली. नातू पुण्याला आर्किटेक्चर शिकतो, त्याला फोन केला. त्याने वॉलेस सॅबिन या माणसाची गोष्ट सांगितली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेलं कुणाला कळेना. सॅबिन पदार्थविज्ञानाचा तरुण शिक्षक, त्याच्या गळ्यात हे काम पडलं. त्याने काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी. त्यातून त्याने सूत्र काढलं, ते आजही वापरतात. खोलीचं घनफळ घनफुटांत घ्यायचं, ०.०४९ ने गुणायचं, आणि त्या खोलीतल्या आवाज गिळणाऱ्या क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर सेकंदांत. तेवढ्या वेळात आवाज साठ डेसिबलनी खाली येतो.

मला तर हे ऐकून कालव्याचा विसर्ग काढल्यासारखं बरं वाटलं. कित्येक वर्षांनी गणिताला बसलो. घनफळ नऊ हजार एकशे शहाण्णव घनफूट. टाइल्स, फरशी, गिलावा यांचं मिळून जवळजवळ तीन हजार चौरस फूट, पण हे सगळं शंभरातला दोन-तीन भाग आवाज गिळणार, बाकीचा परत तोंडावर फेकणार. कागदावर उत्तर आलं पाच सेकंद. टाळी मला तीनच सेकंद ऐकू आली होती, कारण साठ डेसिबलचा जिना पूर्ण उतरेपर्यंत शहात्तर वर्षांचा कान तिच्याबरोबर जात नाही.

सॅबिनने आवाज गिळण्याचं माप कशात धरलं होतं माहीत आहे? उघड्या खिडकीत. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक. आणि आमच्या चारही खिडक्या माकडांच्या भीतीने स्क्रू मारून बंद केलेल्या! त्या खोलल्या, बाहेरून जाळी मारली. अठ्ठेचाळीस चौरस फूट आवाज पहिल्याच दिवशी शेतात गेला. शिवाय संध्याकाळी वारा आला, तो वेगळाच.

आता गाद्या कुठून आणायच्या? बाजारात भिंतीला लावायचे फोमचे तक्ते मिळतात, पण भाव ऐकून मी फोन ठेवला. शिवाय फोडणीच्या वासाने आणि धुराने ते दोन वर्षांत मेणचटणार, आणि धुता येत नाहीत. तसा विचार करत व्हरांड्यात बसलो होतो. समोर मिरजेच्या आजी आणि आणखी दोघीजणी वाकळ शिवत होत्या. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या सुती पातळांचे चार-पाच थर, वर चौकड्यांचे तुकडे, आणि कडेपासून आत जाणारा धावदोरा. मी उठून ती वाकळ दोन्ही हातांनी कानापुढे धरली आणि म्हटलं, बोला काहीतरी. आजी म्हणाल्या, "काय बोलू? येड लागलंय?" बोलणं निम्म्यावर आलं होतं.

बारा वाकळा ठरल्या, प्रत्येकी सहा फूट बाय चार. आश्रमात जुन्या साड्यांना तोटा नाही. गेलेल्यांच्या ट्रंका कुणी नेत नाही. त्या ट्रंकांतून साड्या काढायच्या का, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी आजींनीच निकाल लावला. "पंख्यावर नाव टाकण्यापरीस ह्ये बरं. निदान ऊबदार तरी." पण शिवायला वेळ लागणार होता. एक वाकळ नीट शिवायला तिघींना आठ-दहा दिवस. उन्हाळाभर व्हरांड्यात शिवण चाललं. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांच्यासाठी एसटीतले काका चष्मा कपाळावर चढवून दोरे ओवून द्यायचे. त्यांना लांबचं दिसत नाही, जवळचं लख्ख दिसतं.

टाइल्सना भोकं पाडायची नव्हती. म्हणून टाइल्सच्या वर, साडेसात फुटांवर, सागाची पट्टी ठोकली. वाकळ भिंतीला चिकटवून लावायची नाही, मागे दोन इंच पोकळी ठेवायची. कापडातून गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत त्याच कापडातून येतो आणि दोनदा मार खातो. हे नातवाने सांगितलं. पट्टीला हुक, वाकळीला नाड्या, म्हणजे धुवायला काढता येतील. स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत मात्र मोकळी ठेवली, आगीचा आणि तेलाचा धाक. हिशेबाने पाच सेकंदांचे दीड व्हायला हवे होते. टेबलांच्या पत्र्यावर सतरंजीचे पट्टे आणि वर गडद हिरवं रेक्झिन पसरलं, तर ताट ठेवल्याचा खणखणाटही गेला. स्टुलांच्या जागी पुढे खुर्च्या आल्या, त्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले.

हिरवंच रेक्झिन का, याचं कारण केळीचं पान. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. पानावर भात कसा उठून दिसतो! आधी मी हिरवी मेलामाइनची ताटंच आणायचं म्हटलं, पण सगळ्यांनी नाकं मुरडली. "ही हॉटेलची ताटं." स्टील तर स्टील.

खुर्च्यांची गोष्ट मी लपवणार होतो, पण लिहितोच. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून ती जोडलेली स्टुलं ग्राइंडरने कापून टाकली. मग जुन्या बाजारातून हाताच्या लाकडी खुर्च्या आणल्या, सातशे रुपयांना एक, नायलॉनची वीण. हात हवाच, कारण उठताना माणूस हातांवर उठतो. बैठक अठरा इंच, बरोबर. सगळं मोजलं. फक्त खुर्चीच्या हाताची उंची मोजली नाही. हात साडेसत्तावीस इंचांवर, टेबलाच्या पत्र्याखालची पट्टी सत्तावीसवर. शेहेचाळीस खुर्च्या आल्या आणि एकही टेबलाखाली जाईना! चौतीस वर्षं अर्ध्या इंचाच्या हिशेबावर पोट भरलेला माणूस मी. फॅब्रिकेशनवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने पुन्हा येऊन टेबलांच्या पायांना एकेक इंचाचे बूट जोडले. आता खुर्ची आत गेली, चाकाची खुर्चीही गेली, पण बुटक्या आजींची ताटं छातीला आणि पाय अधांतरी. कोठीत जेवायला बसायचे जुने पाट पडले होते, पंचवीसेक. बसायला कुणी वापरत नव्हतं, गुडघे वाकत नाहीत म्हणून. ते पायांखाली दिले.

उजेडाच्या बाबतीत मी जास्त मोठा गाढवपणा केला. त्या ट्यूब ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर पांढऱ्या. त्या उजेडात पिवळं वरण करडं दिसतं आणि माणसं आजारी दिसतात. मी वाचलं होतं की पिवळसर, कमी उंचीवरचा दिवा असला की घरगुती वाटतं. गावातल्या बुरडाकडून चौदा टोपल्या विणून घेतल्या, त्या उलट्या टांगल्या आणि आत पाच-पाच वॅटचे २७०० केल्विनचे बल्ब. संध्याकाळी सात वाजता दिवे लावले. मला स्वतःला फार आवडलं. लोक आले, बसले, आणि सगळं चिडीचूप. मग एसटीतले काका म्हणाले, "बारमध्ये बसवलंय वाटतं." पाठोपाठ खिडकीकडच्या टेबलावरून एक आवाज आला: "अहो, आमटीत ही मोहरी आहे का माशी?"

मोहरीच होती. पण प्रश्न बरोबर होता. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने तिसरा हिस्सा उजेड पोचतो. इथे तर सरासरी वय अठ्ठ्याहत्तर. तरुणांच्या हॉटेलात जो मंद उजेड ऊबदार वाटतो, त्यात आमच्या वयाला ताटच दिसत नाही, आणि ताट दिसलं नाही की माणूस घाबरत जेवतो. बल्ब बदलून नऊ वॅटचे, ३००० केल्विनचे लावले. शिवाय छताकडे तोंड केलेल्या चार पट्ट्या, म्हणजे उजेड पुष्कळ पण डोळ्यांत घुसणारा नाही. टोपल्याही वर घ्याव्या लागल्या, कारण वाढणाऱ्या मावशींचं डोकं दर फेरीला आपटत होतं आणि दर फेरीला त्या माझ्याकडे बघत होत्या.

मावशींशी माझं खरं भांडण वाढण्यावरून झालं. मला ती खिडकीची रांग नको होती. मी १९६२ साली आठवीत रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात दाखल झालो. कर्मवीर अण्णा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत जशीच्या तशी. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं, १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं, हे आम्हाला पाठच असायचं. पण माझ्या लक्षात राहिलंय ते वाढणं. पंगतीत बसायचं आणि पाळीची चार मुलं वाढायची. भाकरी आणि आमटी, दुसरं काय. पण आपल्या ताटात कुणीतरी वाढतंय, थांबतंय, "अजून घे" म्हणतंय. खिडकीतून मिळतं ते जेवण, वाढलेलं ते ताट. म्हणून मी नकाशावर सात टेबलं काढली, प्रत्येकी सहा माणसं, आणि प्रत्येक टेबलावर आमटी, भाजी, भात, कोशिंबीर यांची वेगळी भांडी, आपापसांत वाढून घ्यायची.

मावशींनी नकाशा बघितला. बोटावर हिशेब केला. चार भांडी, सात टेबलं, दोन वेळा. "छप्पन्न भांडी जास्तीची. काका, तुमी कागदावर रेघ मारता, खरकटं मी काढते."

याला उत्तर नव्हतं. मी चार दिवस गप्प बसलो. घरातलं ऊबदार वातावरण म्हणतात ते कुणाच्या तरी पाठीवर उभं असतं, आणि माझ्या घरात ती पाठ माझी कधीच नव्हती. मग तडजोड झाली. टेबलावर दोनच भांडी, आमटी आणि भात. आमटीत ओगराळं. पोळी-भाजी मावशी आणि मदतनीस फिरून वाढणार. जेवण झालं की खरकटं एका ताटात गोळा करून ताटं टेबलाच्या टोकाला एकावर एक लावून ठेवायची, ते काम आमचं. आणि देणगीतून वर्षभरासाठी भांड्यांना दोन तास एक बाई. धबधबा तिथेच गेला. दुसऱ्याचं खरकटं गोळा करणार नाही म्हणणारे दोघं निघाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. त्यातले एक आता करतात. दुसरे अजून ताट घेऊन स्वतः मोरीपर्यंत चालत जातात.

पंख्यांचं सांगायचं राहिलं. पाट्या ऑफिसच्या बोळात हलवायला विश्वस्त कसेबसे तयार झाले, पंख्यांची पाती रंगवायचीही परवानगी मिळाली. रंगारी शिडीवर चढला तेव्हा एक आजी खाली येऊन उभ्या राहिल्या. "तो कोपऱ्यातला नाही रंगवायचा." त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव. नऊ वर्षं त्या त्याच पंख्याखाली बसून जेवत होत्या आणि आम्हा कुणाला माहीत नव्हतं. सात पंखे पांढरे झाले, आठवा तसाच आहे. बंद असताना नाव वाचता येतं, म्हणून थंडीत त्या जरा लवकर येऊन बसतात.

दुपारी भोजनगृहाला कुलूप असायचं, ते काढून घेतलं. चार वाजता मेथी निवडायला, वाटाणे सोलायला बायका तिथे बसू लागल्या. चहा तिथेच. यात माझं डोकं काही नाही. खोली बसण्यासारखी झाल्यावर त्या आपोआप आल्या. मटाराच्या दिवसांत निम्मे दाणे तोंडात जातात अशी मावशींची तक्रार आहे.

आता शाळेच्या बाई. सगळं झालं, खोलीतले डबे सतरावरून सातावर आले, तरी बाई खाली येईनात. मी हट्टाने जाऊन म्हटलं, बाई, आता तर आवाज नाही, रांग नाही, उजेड चांगला. अडचण काय? त्यांनी उजवा हात पदराखालून काढून माझ्यासमोर धरला. हात हलत होता. पाण्यावर पडलेलं पान हलतं तसा, थांबतच नव्हता. "तुम्ही सहा-सहा माणसं समोरासमोर बसवलीत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले. आता भाताचा घास तोंडापर्यंत जाताना निम्मा पडतो, तो सहा माणसांनी बघायचा?"

मी सगळ्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून झटत होतो. कुणाला आपलं तोंड दिसू नये असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या खिडकीला लागून एक अरुंद फळी बसवली, अठरा इंच रुंद, चार खुर्च्यांची. तिथे बसलं की समोर शेत, पाठीला सगळी मंडळी. बोलणं कानावर येतं, बोलावंसं वाटलं तर मान वळवायची. उंच काठाची जड वाडगी आणली, घास काठाला टेकवून चमच्यात घेता येतो. बाई पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नंतर आल्या. आता त्या फळीवर जागा मिळवायला लवकर यावं लागतं, कारण कवळी काढून जेवणारे दोघं आणि नुसतेच माणूसघाणे एक काका तिथे हक्काने बसतात. बाई खिडकीकडे तोंड करून मागच्या टेबलावरच्या लोकांच्या मराठीच्या चुका काढतात.

देणगीदार गृहस्थ पाहायला आले होते. पंचाहत्तर हजारांत काय झालं ते शोधत चारी भिंतींकडे बघत होते. धबधबा नाही, सोनेरी अक्षरं नाहीत, आईच्या नावाची पाटी बोळात. व्यवस्थापकांनी त्यांना जेवायला बसवलं. मिरजेच्या आजींनी तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा "पुरे, पुरे" म्हणत त्यांनी ताटावर हात आडवा धरला. जाताना त्यांनी विचारलं, या गोधड्या विकत मिळतात का?

गेल्या आषाढात वाकळा धुवायला काढल्या. मावशींचा आग्रह होता, सणवार तोंडावर आले. धुतल्या, आणि लगेच पावसाने झड धरली. आठ दिवस ऊन नाही. बारा वाकळा व्हरांड्यात दोरीवर ओल्या, कुबट वासाच्या. भिंती पुन्हा पांढऱ्या, उघड्या. खिडक्याही पावसामुळे बंद. मी कुणाला काही बोललो नाही, नुसता बघत होतो.

तिसऱ्या दिवशी एसटीतल्या काकांनी भुरका मारून वाटी खाली ठेवली. "मावशी, आज आमटी बिघडलीय."

मावशी झारा घेऊनच बाहेर आल्या. "तीच डाळ, तोच मसाला, तोच हात. काय बिघडलंय?"

"काहीतरी बिघडलंय," काका म्हणाले. "मजा येत नाही." आणखी चार जणांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं मीठ कमी, कुणी म्हणालं चिंच जास्त. मावशींनी वाटीत आमटी घेतली, चाखली आणि काही न बोलता आत निघून गेल्या. जाताना भांडी जरा जोरात आपटली आणि तो आवाज बराच वेळ खोलीत फिरत राहिला. जेवण चौदा मिनिटांत आटपलं.

शुक्रवारी दोन तास ऊन पडलं. चार वाकळा वाळल्या, बाकीच्या दमटच होत्या, तरी संध्याकाळी टांगल्या. वास येत होता. काकांनी दोनदा आमटी घेतली.